साक्षीकथनात्मक रहस्यकादंबरी

एकाच गुन्ह्याची हकीकत अनेक साक्षीदारांच्या जबान्यांतून उलगडणारी कादंबरी. ज्याने जे पाहिले तेवढेच त्याने सांगावे, हा तिचा दंडक. कोर्टात ऐकीव पुरावा सहसा चालत नाही, तोच न्याय. वाचक न्यायाधीशाच्या जागी बसतो, पण उलटतपास घेण्याची सोय त्याला नसते.

हा घाट विल्की कॉलिन्सने ‘द वुमन इन व्हाइट’ (1859–60) व ‘द मूनस्टोन’ (1868) यांतून रूढ केला. तो वकिलीची सनद घेतलेला होता, हे दोन्हींच्या मांडणीत दिसते. ‘मूनस्टोन’मधला हिरा मूळचा सोमनाथाचा. तो ज्याच्या हातून नाहीसा होतो तोही एक निवेदक आहे आणि अफूच्या अमलामुळे त्यालाच ते ठाऊक नाही. खोटे न बोलताही साक्षीदार चकवू शकतो, ही युक्ती पुढे फार थोड्यांना इतकी साधली.

त्याआधीचा, एकाच जबानीवर उभा असलेला नमुना म्हणजे मेडोज टेलरचा ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (1839). माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या कबुलीजबाबांतून ही कादंबरी आली. टेलर पुढे नळदुर्गला आणि 1857 च्या धामधुमीत वऱ्हाडात अधिकारी होता.



जपान : अकुतागावाची कथा (1922), तीत मृताचीही साक्ष; तीवरून कुरोसावाचा ‘राशोमोन’ (1950) हा चित्रपट.

मराठी : बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड, धनंजय हे एकहाती नायक. साक्षीदाराला तिथे दुय्यम काम. अनेक मुखांनी कथन करण्याची रीत पौराणिक कादंबरीत मात्र चांगली रुजली. खांडेकरांच्या ‘ययाति’त (1959) तीन निवेदक आहेत, शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (1967) सहा. या रहस्यकथा नव्हेत. तरी कर्णाचे जन्मरहस्य कोणाला केव्हा कळते, यावर ‘मृत्युंजय’चा बराच ताण उभा आहे.

खरा साक्षीकथनाचा खटला मराठीत उभा राहिला तो रंगभूमीवर. आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ (पहिला प्रयोग 8 ऑक्टोबर 1962, दिल्ली) माधव काझी प्रकरणावरून सुचले. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, फिरता रंगमंच वळतो आणि त्याची साक्ष प्रवेश होऊन समोर घडते. प्रत्येकाच्या साक्षीत आरोपीचे नाव वेगळे, वेष वेगळा. ही सारी रूपे प्रभाकर पणशीकरच वठवत, म्हणून निपाणीचा लखोबा लोखंडे ‘तो मी नव्हेच’ म्हणतो तेव्हा प्रेक्षकही साक्षीदारच झालेला असतो.