शिवाजी पेठेपासून जेद्दा किती दूर?

मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. विमानाला पाचेक तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणून सकाळी आठला उडालेला हाजी तिथल्या साडेदहाला उतरतो. आमच्या शिवाजी पेठेतून मुंबईला जायला मात्र रेल्वेत अख्खी रात्र काढावी लागते. म्हणजे पेठेला जेद्दापेक्षा मुंबईच लांब!

हा हिशेब अगदी अलीकडचा. आदिलशाहीत दक्षिणेतले यात्रेकरू घाट उतरून दाभोळ बंदर गाठत. गलबतं मोसमी वाऱ्यावर चालत. वारा चुकला की वर्ष गेलं. विजापूरची शहजादी आयेशाबीबी मक्केला निघून दाभोळपर्यंत आली, पण चाच्यांच्या भीतीने पुढे जाऊ शकली नाही आणि हजसाठी आणलेला पैसा तिने १६५९-६० मध्ये तिथल्या मशिदीला लावला, असं सांगतात. जमिनीवर तरी कुठे स्वस्थता होती? १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता.

आगबोटींनी वाऱ्याची गुलामी संपवली. पुढे मोगल लाइन म्हणून ओळखली गेलेली कंपनी १८७७ मध्ये मुंबईत सुरू झाली. १८९१ मध्ये कोल्हापूरला रेल्वे आली. पण रूळ मीटरगेज, त्यामुळे पुण्याला गाडी बदलणं आलंच. मग क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात बोटीची वाट पाहणं. त्यात १८६५ च्या मक्केतल्या कॉलऱ्याने जग हादरलेलं. १८८२ पासून तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर हाजींना उतरवून क्वारंटाईनमध्ये ठेवू लागले. जुन्या प्रवासाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे बेट विसरू नये.

निघण्यापूर्वी कर्ज फेडायचं, शेजाऱ्यापाजाऱ्याकडे जाऊन ‘कहासुना माफ करा’ म्हणायचं, ही रीत त्या काळात नुसती रीत नव्हती. परत येण्याची खात्रीच नसे. रीत आजही टिकून आहे.

मोगल लाइन १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि १९९५ मध्ये हजच्या बोटी बंद पडल्या. बोट हा गरिबाचा रस्ता होता. तो गेल्यावर उरलं फक्त विमान, आणि त्याच्या भाड्यावरची सबसिडी. ‘मुसलमानांना फुकट हज’ असं तिच्यावरून किती ऐकवलं गेलं! वास्तविक ती हाजीच्या हातात कधी पडलीच नाही, विमान कंपनीला जात होती. २०१८ मध्ये ती बंद झाली, तेव्हा आमच्या ओळखीतल्या कुणी अश्रू ढाळल्याचं आठवत नाही.

पाच तासांच्या प्रवासासाठी थांबणं मात्र संपलेलं नाही. ते बंदरावरून अर्जाच्या रांगेत आलं. हज कमिटीच्या सोडतीत नाव निघालं नाही, तर पुन्हा पुढचं साल.

बोटीवर यलमलमची सीमा जवळ आली की भोंगा वाजे आणि सगळे एहराम बांधत. विमानात ती सीमा काही मिनिटांत मागे पडते, म्हणून पुष्कळजण मुंबईतच एहराम बांधून विमानात चढतात.