पहिला धडा कुणी तपासायचा?

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. निमित्त झालं घरातल्याच एका प्रश्नाचं: "सायलॅब शिकायचंय, क्लास कुठे असतो?" आमच्या कळसाडीच्या (जिल्हा नंदुरबार) पोरांना 'शिकायचं' म्हटलं की आधी क्लास आठवतो, मग त्याची फी, मग एस.टी.चं वेळापत्रक!

सायलॅब म्हणजे अभियंत्यांचं गणित करणारं सॉफ्टवेअर. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेत ते घडलं आणि १९९४ पासून सगळ्यांना मोफत मिळू लागलं. त्याच कामाच्या मॅटलॅबचा परवाना मात्र विकत घ्यावा लागतो. पण मोफत मिळालेलं सॉफ्टवेअर उघडून बसलं, तर समोर नुसता रिकामा पडदा आणि लुकलुकणारी खूण. आता काय टाइप करायचं? शेजारी सांगणारं कुणी नसेल तर ती मोफत वस्तू तशीच पडून राहते.

हा प्रश्न जुना आहे. गणिताची पुस्तकं सुबक छापता यावीत म्हणून डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ च्या सुमारास 'टेक' नावाची प्रणाली बनवली. तिची माहिती देणारं 'द टेकबुक' १९८४ मध्ये आलं. अवघड परिच्छेदांच्या कडेला त्यांनी रस्त्यावरची धोक्याच्या वळणाची पाटी छापली आहे, आपल्या तोरणमाळच्या घाटात दिसावी तशी. नवख्याने पहिल्या वाचनात तो भाग सोडून द्यायचा! केवढा विचार केलाय बघा. पण वळण कुठे अवघड आहे हे ठरवणारा माणूस तोच, ज्याने रस्ता बांधला.

पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर 'लाटेक' हा सोपा थर चढवला. आपल्याकडे १९९८ मध्ये टेक वापरणाऱ्यांची भारतीय संघटना केरळात उभी राहिली, आणि २००३ मध्ये तिने नवशिक्यांसाठी लाटेकचं एक पुस्तक काढलं. कुणीही वाटावं, बदलावं, अशा परवान्याखाली. म्हणजे आता शिकवायचं काम वापरणाऱ्यांनीच हातात घेतलं होतं. तरी ते पुस्तकच, आणि इंग्रजीत.

खरा फरक पडला तो मुंबईत, पवईला. २००९ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानातून शिक्षण देण्याचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. त्याच्या पैशावर आयआयटी मुंबईत रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प वाढवला. सायलॅब, लाटेक, लिबरऑफिस अशा अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे पाठ, प्रत्येकी सुमारे १० मिनिटांचे. पडद्यावर काम चालू असतं आणि आवाज ते समजावत असतो. शिकणाऱ्याने अर्ध्या पडद्यावर पाठ लावायचा, उरलेल्या अर्ध्यात सॉफ्टवेअर. ऐकायचं, थांबवायचं, करून बघायचं.

मला सगळ्यात भावली ती पाठ बनवण्याची पद्धत. आधी दोन रकान्यांची संहिता लिहायची: एकात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात काय बोलायचं. मग ध्वनिमुद्रणाआधी ती अशा माणसाकडे द्यायची ज्याला ते सॉफ्टवेअर येत नाही. तो एकेक ओळ करून बघतो. जिथे अडतो, तिथे चूक संहितेची, त्याची नव्हे. आपल्या शाळा-कॉलेजांत हे नेमकं उलटं चालतं, नाही का? इथे अडाणीपणाला (चांगल्या अर्थाने!) परीक्षकाची खुर्ची मिळाली.

कार्यशाळा भरवणाऱ्याचं कामही त्यामुळे बदललं. त्याला सायलॅब यायलाच हवं असं राहिलं नाही. संगणक चालू आहेत ना, पाठ भरलेले आहेत ना, प्रत्येकाला हेडफोन आहे ना, एवढं बघितलं की झालं. हेडफोन कशाला? तर प्रत्येकाने आपल्या गतीने जावं म्हणून. आणि जिथे जाणकार शिक्षक पोचत नाही, तिथेही वर्ग भरू शकतो.

आता भाषेची गोष्ट. या पाठांचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत केला गेला, पण पडदा इंग्रजीच ठेवला. पुढे नोकरीत इंग्रजी मेनूच समोर येणार, हे त्यामागचं कारण, आणि मला ते पटतं. भाषांतर करणाऱ्याची मात्र कसरत होते, कारण माउस ठरलेल्या सेकंदाला हलतो आणि मराठी वाक्य तेवढ्यात संपवावं लागतं!

तरी नंदुरबारकडून पाहिलं की एक पायरी उरतेच. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे ६९ टक्के होते. कित्येक घरांत बोलणं भिलीत, पावरीत, नाहीतर अहिराणीत. तिथल्या मुलाला पुस्तकी मराठी हीच शिकलेली भाषा. 'मराठीत केलं' म्हणजे 'त्याच्या भाषेत केलं' असं होत नाही. मग ती संहिता तपासायला नवखा कुठून आणायचा? माझ्या मते तोही इथूनच, शहाद्याच्या किंवा धडगावच्या कॉलेजातून घ्यायला हवा.

आणखी एक अडचण म्हणजे सॉफ्टवेअर बदलतं आणि पाठ जुना होतो. म्हणून प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला कुठली आवृत्ती वापरली ते सांगतात. ते लक्ष देऊन ऐका.

असो. नातेवाईक मंडळींसाठी: क्लास शोधू नका. हे पाठ शहाद्याला किंवा जिथे नेट धड चालतं तिथे उतरवून घ्या, पेन ड्राइव्हवर घरी न्या, आणि सायलॅबच्या पहिल्या पाठापासून क्रमाने बसा. ब्लॉगर मित्रांनो, 'अमुक कसं करावं' असं काही लिहाल तेव्हा आधी ते न येणाऱ्या एखाद्याला शेजारी बसवा आणि गप्प राहून बघा, तो कुठे थांबतो ते.