न लिहिलेली ओळ

२०१६च्या उन्हाळ्यात चाकूरच्या घरी बसून मी भाड्याच्या एका सर्व्हरवरचं लिनक्स अपडेट केलं. पुन्हा आत जायला गेलो तर पासवर्ड नाकारला. तीनदा टाकला. पासवर्ड बरोबरच होता. बहिणीच्या क्लासमधल्या पोरांचे निकाल त्यावर होते आणि सकाळी ते लावायचे होते.

रात्री उशिरा ब्राउझरच्या कन्सोलमधून आत शिरलो तेव्हा उलगडा झाला. दुरून सर्व्हरवर जायचं ते ओपनएसएसएच या प्रोग्रॅममधून. ११ ऑगस्ट २०१५ला आलेल्या त्याच्या ७.० आवृत्तीने एक डिफॉल्ट बदललं होतं. 'रूट' या मुख्य वापरकर्त्याला तोवर पासवर्डने आत येता यायचं. आता पासवर्ड चालणार नव्हता, किल्लीची फाइल लागणार होती. कारण रास्त होतं. रूट हे नाव सगळ्यांना माहीत, त्यामुळे जगभरचे बॉट नुसता पासवर्ड ओळखत बसतात.

पण मी तर सेटिंगच्या फाइलीला हातही लावला नव्हता! गोची तिथंच होती. ती ओळ फाइलीत होती, पण तिच्यापुढे # होता. म्हणजे ती नुसती टीप. 'हो' हे उत्तर माझं नव्हतंच, प्रोग्रॅमचं होतं. त्याने ते बदललं.

डेबियन-उबंटूत सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती बदलली असेल, तर अपडेट थांबून विचारतं. 'डी' दाबलं की दोन्हींतला फरक दिसतो. न लिहिलेल्या ओळीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. ती खबर रिलीज नोट्समध्ये असते, आणि त्या आपण वाचत नाही.

आमच्या भागाला हे नवं नाही. आजोबांचं घर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १९५६ला ते मुंबई राज्यात आलं, १९६०ला महाराष्ट्रात. १६ ऑगस्ट १९८२ला उस्मानाबादऐवजी जिल्हा लातूर झाला. घर जागचं हललं नाही, पत्ता बदलत गेला. आजोबा दर वेळचा कागद पेटीत जपून ठेवायचे.

आता मीही महत्त्वाच्या ओळींचा # काढतो, उत्तर स्वतः लिहितो, शेजारी तारीख टाकतो. आणि दर अपडेटला त्या ओळी पुन्हा वाचतो. कारण तेव्हा 'हो' लिहून ठेवलं असतं, तर मी त्या रात्री सहज आत गेलो असतो. पण दारही सगळ्यांसाठी तसंच उघडं राहिलं असतं.