अक्षर आणि त्याचा अंगरखा

शिक्षक मंडळींपैकी पुष्कळांना हा अनुभव आला असेल. दुसऱ्या कुणी संगणकावर लिहिलेला मजकूर आपण आपल्या मजकुरात आणून ठेवतो, तर तो एकटा येत नाही. आपला आकार, रंग, समास, ओळींतलं अंतर असं सारं बिऱ्हाड सोबत घेऊन येतो. अर्धं पान ठळक, अर्धं तिरपं! हे नको असलेलं बिऱ्हाड हलवायचं कसं? उपाय तसा सोपा आहे. पण मराठीच्या बाबतीत त्यात एक धोका दडलेला आहे, आणि तो समजण्यासाठी थोडं मागं जायला हवं.

टंकलेखन यंत्राच्या काळात हा प्रश्नच नव्हता. खिळा फितीवर आपटला की अक्षर उमटलं. ठळक हवं तर त्याच जागी पुन्हा आपटायचं. नको झालं तर कागद काढायचा आणि नवा घालायचा. १९६४ साली आय. बी. एम. कंपनीनं चुंबकीय फितीवर मजकूर साठवणारं टंकयंत्र आणलं. मजकूर कागदावाचून राहू लागला तो तिथून.

पुढे १९७८ साली ‘वर्डस्टार’ आलं. आपल्याकडच्या कचेऱ्यांतून ते खूप चाललं. त्यात शब्द ठळक करायचा तर आधी एक खूण आणि नंतर एक खूण घालावी लागे. खुणा पडद्यावर दिसत. खूण पुसली की ठळकपणा गेला, हिशेब चोख. ‘वर्डपर्फेक्ट’ नावाच्या कार्यक्रमात तर एक कळ दाबली की मजकुराखालच्या साऱ्या खुणा उघड्या होत. माझ्या मते ही सर्वांत सरळ पद्धत होती. घरातलं भांडण कुठून सुरू झालं ते निदान कळायचं!

पण त्याआधीच, १९७४ साली, अमेरिकेत पालो आल्टो इथं झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी सहकाऱ्यांसह ‘ब्राव्हो’ तयार केलं होतं. पडद्यावर जसं दिसेल तसंच कागदावर उमटेल, ही त्याची करामत. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये ‘वर्ड’ आलं. लिहिणाऱ्याचं सुख वाढलं खरं, पण खुणा पडद्याआड गेल्या. अक्षर असं का दिसतं आहे, हे कळेनासं झालं.

आता उपाय. ‘वर्ड’मध्ये मजकूर निवडा. कंट्रोल धरून लांब पट्टी, म्हणजे स्पेस, दाबली की अक्षरांवर चढवलेली सजावट उतरते. कंट्रोल आणि क्यू दाबलं की परिच्छेदावर चढवलेली. हे शक्य होतं, कारण यंत्र अक्षर साठवतं ते एका क्रमांकाच्या रूपानं, आणि सजावटीची नोंद वेगळी ठेवतं. अंगरखा काढला तरी माणूस तोच राहावा, तसं.

पण मंडळी, आपल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक होता कुठं? १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या क्रमांकांच्या यादीत १२८ जागा होत्या. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्राला द्यायच्या काही खुणा, देवनागरी नाही. आपल्याकडे अक्षरजुळणी करणाऱ्यांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षराच्या जागीच देवनागरीचं चित्र बसवलं. ‘कृतिदेव’ टंकात ‘कमल’ लिहिलं तर यंत्र आत साठवतं डी, ई, वाय. टंक आहे तोवर ‘कमल’ दिसतं. टंक म्हणजे सजावटच की! तो उतरला, की उरतात तीन इंग्रजी अक्षरं. इथं अंगरखा हाच माणूस होता.

देवनागरीला स्वतःचे क्रमांक देण्याचं काम आपल्याकडे झालं होतं. त्या भारतीय यादीला १९९१ साली भारतीय मानक ठरवण्यात आलं. त्याच वर्षी निघालेल्या ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी आपल्याच १९८८ च्या यादीवरून घेतली होती. त्यात ‘क’ला २३२५ हा क्रमांक मिळाला, टंक कोणताही असो, क तो क. तरी घरोघरच्या संगणकांत ही सोय ‘विंडोज २०००’ बरोबर ‘मंगल’ टंक आला तेव्हापासून रुळू लागली. मधल्या काळात ग्रामपंचायतींची इतिवृत्तं, प्रश्नपत्रिका, स्मरणिका, सारं जुन्या टंकांत लिहून झालं होतं.

माझे एक निवृत्त शिक्षक मित्र आहेत. त्यांच्या शाळेची १९९९ सालची स्मरणिका पुन्हा छापायची होती. संगणकावर बसलेल्या मुलानं आधी सजावट साफ केली, आणि चाळीस पानं इंग्रजी अक्षरांची रांग होऊन बसली. घाबरून त्यानं तशीच जतन केली! मजकूर गेला नव्हता बरं का. पुन्हा तोच टंक चढवला असता तर तो जसाच्या तसा दिसला असता, आणि मग रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमातून युनिकोडमध्ये नेता आला असता. पण टंक कोणता? जुन्या टंकांचे आराखडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि छापील प्रतीवर टंकाचं नाव थोडंच असतं? गुरुजींनी दोन दिवस कपाट धुंडाळलं. शेवटी जुनी फ्लॉपी सापडली. ती उघडायला यंत्र नव्हतंच, पण तिच्या चिठ्ठीवर जुळणी करणाऱ्यानं निळ्या शाईनं टंकाचं नाव लिहून ठेवलं होतं.