पोट नसलेले वाद्य

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले म्हणजे वाटेत करमाड लागते. तेथील एका परिचित घरी आम्ही एक चमत्कारिक खटाटोप पाहिला. घरच्या तरुणाने भिंतींस गोधड्या टांगल्या होत्या, पंखा बंद केला होता. आणि विजेची गिटार, अँप्लिफायर व मायक्रोफोन तेच ठेवून तो केवळ स्पीकरच्या पेट्या बदलीत होता. (पेटी म्हणजे येथे लाकडी खोके, वाचकांनी हार्मोनियम समजू नये.) पेटीगणिक तोच तुकडा निराळा मुद्रित होई. ‘मग यांतला खरा आवाज कोणता रे?’ असे आजीबाईंनी विचारले. मुलगा हसला, आम्हांस मात्र त्या प्रश्नाने गाठले.

वाद्यास पोट लागते, हे मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा भोपळा पारखून घेतल्यावाचून त्यांचा तंबोरा उभा राहत नाही. तार नुसती थरथरते. बोलतो तो भोपळा. जुन्या लाकडी गिटारचेही तसेच. परंतु १९३२ साली अमेरिकेत रिकेनबॅकर यांच्या कारखान्यातून जॉर्ज बीचम यांच्या कल्पनेची जी विजेची हवाईयन गिटार बाहेर पडली, ती ओतीव अॅल्युमिनियमची होती. रूप असे, की लोक तिला तवाच म्हणू लागले! तारेचा कंप चुंबकाजवळच्या वेटोळ्यात विजेचे रूप घेई. वाद्यास स्वतःचे पोट असे उरलेच नाही. ते गेले स्पीकरच्या पेटीत.

राइस व केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी आजच्या धर्तीचा स्पीकर १९२५ साली विद्वानांपुढे मांडला, तेव्हाच पेटीचे मर्म उघड झाले होते. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो त्याच क्षणी मागे ती ओढतो. या दोन लहरी मोकळेपणी भेटल्या तर खर्ज परस्परांस गिळून टाकतो. म्हणून मध्ये फळी हवी. मागून उघड्या पेटीत आवाज खोलीभर सैल पसरतो. लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६० नंतरच्या दशकात बारा-बारा इंची चार स्पीकर मागून बंद पेटीत बसविले, तेव्हा खर्जास ढोलाचा धक्का आला. शिवाय गिटारचा स्पीकर सेकंदास सुमारे ५००० कंपांपलीकडचे फारसे काही बाहेर सोडीत नाही. चढविलेल्या अँप्लिफायरची तार पेटी वगळून थेट मुद्रणयंत्रास जोडली, तर तोच स्वर डासासारखा कानास बोचतो.

ही गोष्ट केवळ गिटारची नव्हे. १९०२ साली गैसबर्ग कलकत्त्यास आले तेव्हा आमचे गायन कर्ण्यातून मेणावर उतरू लागले. विजेचे मुद्रण १९२५ पर्यंत नव्हते. कर्णा काही स्वर उचली, काही टाकी. त्या काळच्या तबकड्या ऐकून ‘बुवांचा आवाज अनुनासिक होता’ असे आपण बेधडक लिहितो, तेव्हा त्यात बुवा किती आणि कर्णा किती, हे कोण विचारतो? संगीताचा आमचा इतिहास गवयांची घराणी मोजतो; कर्ण्यांची व पेट्यांची नोंद ठेवीत नाही. ही उणीव आम्हांस लहान वाटत नाही.

आता तर पेटीही नको झाली आहे. परदेशातील नामांकित पेटीच्या आवाजाचा ठसा संगणकात घालता येतो, आणि करमाडची गिटार लंडनच्या लाकडातून बोलू लागते. त्या तरुणाने तोही प्रयोग ऐकविला. सफाई निर्विवाद होती. मग त्याने गावच्या सुताराने जुन्या दाराच्या फळ्यांची केलेली पेटी लावली. तिचा एक सांधा खर्जावर किंचित करकरतो. आजीबाई म्हणाल्या, ‘हे आपलं दार वाजतंय.’ त्याने ते मुद्रण पुसले नाही. त्यावर तारीख घातली, आणि पेटी कोणत्या लाकडाची, तेही लिहून ठेवले.