भायखळा-परळची राखीव जागा

मुंबईच्या गिरण्यांभोवतीं वसलेल्या भायखळा-परळ मतदारसंघानें १९३७ सालीं एक अपूर्व लढत पाहिली. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं झालेल्या पुणें करारावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि पालवणकर बाळू या दोघांच्याहि सह्या होत्या. त्या करारानें अस्पृश्यांसाठीं विभक्त मतदारसंघ न राहतां संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. अशाच एका जागेसाठीं आतां ते दोघे समोरासमोर उभे राहिले.

१९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या बाळूंची कीर्ति मोठी होती. काँग्रेसनें त्यांना उभें केलें. आंबेडकरांच्या पाठीशीं १९३६ सालीं त्यांनींच स्थापिलेला स्वतंत्र मजूर पक्ष होता. मताधिकार मालमत्ता, घरभाडें, शिक्षण यांवर अवलंबून असल्यानें पुष्कळ कामगारांना मतच नव्हतें. मात्र मतदारास आपलीं सर्व मतें एकाच उमेदवारास देतां येत. अल्पसंख्य समाजास हा मोठा आधार होता. आंबेडकरांना १३,२४५ मतें पडलीं, बाळूंना ११,२२५.

त्याच सप्टेंबरांत आंबेडकरांनीं कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. गिरणीच्या साच्यांवर राबणाऱ्या अनेकांचीं घरें कोंकणांत खोतांचीं कुळें होतीं. गांवाकडचें त्यांचें गाऱ्हाणें असें शहरांतल्या मतपेटीच्या वाटेनें सभागृहांत पोंचलें. विधेयक संमत झालें नाहीं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानें. परंतु कुळांची बाजू तेथें बारा वर्षें आधीं मांडली गेली होती.