रॉक संगीतातले थोरले कोण?

रॉक संगीताच्या चाहत्यांमध्ये एक वाद कित्येक दशके चालू आहे, आणि तो मिटावा अशी कुणाची फारशी इच्छाही दिसत नाही. ह्या संगीतातले आजवरचे सर्वांत थोर कलावंत कोण? कुणी म्हणतो, लिव्हरपूलचे ते चौघे बीटल्स. त्यांच्यापुढे दुसरे नाव घ्यायचेच नाही. कुणी एल्व्हिस प्रेस्लीला राजा म्हणून मोकळा होतो. कुणाला बॉब डिलनच्या शब्दांपुढे बाकीचे सारे पोरकट वाटते, तर कुणी लेड झेपेलिनचे नाव घेऊन आवाज चढवतो. आपल्याकडे गवयांच्या घराण्यांवरून मैफलीबाहेर चहा पिता पिता जशी जुंपते, तशीच ही जुंपते. फरक एवढाच, की तिकडे ह्या वादाला रीतसर दप्तर आहे. मासिके क्रमवार याद्या छापतात, मतदान होते, आणि थोरांची नावे नोंदण्यासाठी अमेरिकेत एक संस्थाच उभी आहे. दप्तर असले की इतिहासाची सोय होते. कोणत्या साली कुणाचे नाव वर होते, कुणाचे मुळीच नव्हते, हे तपासता येते. आज आपण ते दप्तर थोडेसे उघडून पाहू या.

त्या संस्थेचे नाव 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'. अटलांटिक रेकॉर्ड्स ह्या कंपनीचे एक संस्थापक अहमत अर्टेगन यांच्या पुढाकाराने १९८३ साली तिचा पाया घातला गेला. क्लीव्हलंड शहरातले तिचे संग्रहालय पुढे १९९५ मध्ये उघडले. कलावंताची पहिली तबकडी निघाल्याला पंचवीस वर्षे लोटल्याशिवाय त्याच्या नावाचा विचार करायचा नाही, असा तिचा नियम आहे. नियम शहाणपणाचा म्हटला पाहिजे. पंचवीस वर्षांत टाळ्यांचा आवाज विरतो आणि गाणे तेवढे उरते, किंवा उरत नाही.

पहिली नावे १९८६ मध्ये निवडली गेली. चक बेरी, जेम्स ब्राऊन, रे चार्ल्स, सॅम कुक, फॅट्स डॉमिनो, एव्हर्ली बंधू, बडी हॉली, जेरी ली लुईस, लिटल रिचर्ड आणि एल्व्हिस प्रेस्ली. दहांपैकी सहा कृष्णवर्णीय आहेत, म्हणजे वर्णाच्या बाबतीत तरी ही यादी अनुदार नव्हती. मात्र तिच्यात एकही स्त्री नाही. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, अरेथा फ्रँकलिन आली आणि ते दार उघडले. पण किलकिलेच उघडले म्हणायचे. कारण ह्या संगीताच्या पायाभरणीलाच ज्या दोन स्त्रिया हजर होत्या, त्यांना आत यायला केवढा उशीर झाला ते पाहा.

पहिली सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५, आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लांट ह्या गावचा. चर्चमधली भक्तिगीते गाणारी ही बाई विजेवर चालणारी गिटार हाती घेऊन अशी काही वाजवी, की ऐकणाऱ्याने देवाचे नाव घ्यावे की ताल धरावा असा प्रश्न पडे. १९४४ साली तिने एक भक्तिगीत ध्वनिमुद्रित केले. आज ते कुणाही तरुणाला ऐकवा. तो त्याला रॉकच म्हणेल. एल्व्हिसची पहिली तबकडी निघायला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. १९४७ साली मेकन गावी चौदा वर्षांच्या एका पोराला तिने आपल्या कार्यक्रमात गायला उभे केले. तोच पुढचा लिटल रिचर्ड. १९६४ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात तिचा कार्यक्रम झाला. एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर गाणारे, मध्ये रूळ, आणि वरून पाऊस. अंगात जाडजूड कोट आणि गळ्यात पांढरी गिटार अशी ती बाई पावसाचेच गाणे म्हणू लागली. दूरचित्रवाणीसाठी केलेले त्याचे चित्रण आजही पाहायला मिळते. ते जरूर पाहावे. १९७३ साली ती वारली. तिच्या कबरीवर कित्येक वर्षे नावाचा दगडसुद्धा नव्हता. संस्थेला तिची आठवण झाली २०१८ मध्ये.

दुसरी बिग मामा थॉर्नटन. 'हाऊंड डॉग' हे गाणे एल्व्हिसचे म्हणून जगाला ठाऊक आहे. त्याची तबकडी १९५६ ची. पण लीबर आणि स्टोलर ह्या जोडीने ते मुळात थॉर्नटनबाईंसाठी रचले होते आणि १९५२ साली त्यांनीच ते प्रथम ध्वनिमुद्रित केले. कृष्णवर्णीयांच्या संगीताची खपाची यादी तेव्हा वेगळी छापली जाई, आणि त्या यादीत हे गाणे सात आठवडे पहिले होते. बाईंच्याच सांगण्याप्रमाणे त्यांच्या हाती आले ते एकूण पाचशे डॉलर. त्या १९८४ साली वारल्या. हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागले २०२४ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी.

ही जी वेगळी यादी म्हणालो, तिच्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. 'बिलबोर्ड' हे तबकड्यांच्या व्यापाराचे साप्ताहिक. १९४९ पर्यंत त्यात कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांच्या यादीवर 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे सरळसरळ वंशाचे नाव असे. त्या साली ते बदलून 'रिदम अँड ब्लूज' केले. नाव सभ्य झाले. यादी निराळी ती निराळीच राहिली. एकच गाणे काळ्या गळ्यातून निघाले तर एका यादीत आणि गोऱ्या गळ्यातून निघाले तर दुसऱ्या यादीत, असा तो कारभार. थोर कोण ह्या वादाची सुरुवातच अशी दोन वह्यांतून झालेली आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे पुष्कळ कोडे उलगडते.

आता मासिकांच्या याद्या. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'रोलिंग स्टोन' हे मासिक निघाले. २००४ मध्ये त्याने थोर कलावंतांची क्रमवारी छापली. बीटल्स पहिले, डिलन दुसरा, एल्व्हिस तिसरा, रोलिंग स्टोन्स चौथे, चक बेरी पाचवा. पहिली स्त्री नवव्या जागी, अरेथा फ्रँकलिन. त्याआधी २००३ साली त्याच मासिकाने पाचशे उत्तम गीतसंचांची यादी केली होती आणि तीत बीटल्सच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर'ला पहिला मान दिला होता. २०१२ च्या सुधारित यादीतही तो मान कायम होता. २०२० मध्ये नवे मतदार बोलावून यादी नव्याने केली. पहिला आला मार्विन गे, त्याच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' ह्या संचासाठी. तिसऱ्या जागी जोनी मिचेल ही स्त्री आली. आणि 'सार्जंट पेपर'? तो एकदम चोविसावा! आता त्या तबकडीतली एक मात्राही मधल्या काळात बदललेली नव्हती. बदलले होते ते मत देणारे.

ह्या मासिकाचे एक संस्थापक यान वेनर हे हॉल ऑफ फेमच्याही संस्थापकांपैकी. २०२३ साली त्यांनी सात थोर रॉक कलावंतांच्या मुलाखतींचे पुस्तक काढले. साती जण गोरे, साती पुरुष. असे का, हे एका वृत्तपत्राने विचारल्यावर त्यांनी असे उत्तर दिले, की स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कलावंत त्या बौद्धिक पातळीवरून बोलत नाहीत. संस्थेने त्यांना लगोलग संचालक मंडळावरून दूर केले. पन्नास वर्षे ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्या मनात काय होते, ते असे एका वाक्यात बाहेर पडले.

याद्या करणारे असे, तर मग मोजमाप तरी कोणते धरावे? खप म्हणाल तर तो फार लबाड साक्षीदार आहे. चक बेरीचेच पाहा. अमेरिकेच्या मुख्य यादीत त्याचे एकच गाणे कधी पहिले आले. ते १९७२ चे एक चावट, थिल्लर गाणे. त्याचा चाहतासुद्धा ते खाली मान घालूनच ऐकतो. रंगमंच हे माप धरले, तर बीटल्सची अडचण होते. त्यांनी १९६६ च्या ऑगस्टनंतर दौरे थांबवले, कारण श्रोत्यांच्या किंकाळ्यांत स्वतःचे वाजवणे त्यांनाच ऐकू येईना. तिथे क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी बाजी मारतो. हा मूळचा फारोख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, शिकला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथेच सोबत्यांना घेऊन 'हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद त्याने काढला. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर त्याने वीस-एक मिनिटांत सत्तर हजारांचा समुदाय हाताच्या इशाऱ्यावर नाचवला. टिकाऊपणा पाहायचा तर रोलिंग स्टोन्सच्या पासंगाला कोणी पुरणार नाही. १९६२ साली जमलेली ही मंडळी २०२३ मध्येही नवा गीतसंच काढत होती.

बीटल्सची बाजू मात्र नुसत्या लाटेची नाही, हे कबूल केले पाहिजे. १९६३ च्या ११ फेब्रुवारीला एका दिवसात त्यांनी आपल्या पहिल्या संचाची बहुतेक गाणी उरकली. चार वर्षांनी 'सार्जंट पेपर'साठी त्यांनी काही महिने घेतले. ध्वनिमुद्रणाची खोली हेच एक वाद्य मानायला त्यांनी शिकवले. सात-आठ वर्षांत इतकी वाट चाललेला दुसरा वाद्यवृंद मला दिसत नाही.

तरीही कुणी मला एकच नाव विचारले, तर मी चक बेरीचे घेईन. का ते सांगतो. १९५५ साली शिकागोच्या चेस कंपनीने त्याची 'मेबेलीन' ही पहिली तबकडी काढली. मूळ चाल गोऱ्या शेतकऱ्यांच्या नाचाच्या गाण्याची. तिच्यावर त्याने ब्लूजचा ठेका चढवला आणि शब्द घातले मोटारगाडीच्या शर्यतीचे. वर सांगितलेल्या त्या दोन वह्या ह्या एका गाण्याने शिवल्या गेल्या. शाळेचा कंटाळा, गाडीचा वेग, शनिवारची रात्र असे तरुण पोरांचे विषय त्याने नेटक्या, खटकेबाज शब्दांत आणले. शब्द त्याचे, चाल त्याची, गिटार त्याची, आणि गळाही त्याचाच. एल्व्हिसचा गळा थोर खरा, पण गाणी इतरांनी लिहिलेली. बीटल्सनी बेरीची गाणी आपल्या तबकड्यांवर गायिली. रोलिंग स्टोन्सची १९६३ ची पहिली तबकडी म्हणजे बेरीचेच गाणे. त्याच साली बीच बॉईजनी त्याची चाल अशी उघड घेतली, की पुढे श्रेय त्याला द्यावे लागले. १९८६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याचा परिचय करून दिला तो रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने, आणि आपण ह्या माणसाच्या वादनातला तुकडा न् तुकडा उचलला आहे, हे त्याने व्यासपीठावरूनच सांगून टाकले.

आणि ह्या माणसाच्या पहिल्या तबकडीवर रचनाकार म्हणून तीन नावे छापलेली होती! एक बेरीचे. दुसरे ॲलन फ्रीडचे, ज्याने रेडिओवरून 'रॉक अँड रोल' हे नाव घरोघर नेले. तिसरे रस फ्रॅटो ह्या माणसाचे. ह्या दोघांनी गाण्यात एक अक्षर घातलेले नव्हते. रेडिओवर गाणे वाजावे म्हणून कंपनीने बेरीला न विचारता त्याच्या मिळकतीत वाटेकरी घुसवले होते. पूर्ण श्रेय परत मिळायला त्याला १९८६ साल उजाडले. बेरी काही साधुपुरुष नव्हता. एका अल्पवयीन मुलीला राज्याबाहेर नेल्याच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला आणि १९६२-६३ मध्ये तुरुंगात राहिला. ही गोष्ट लपवून त्याला मखरात बसवू नये. पण गाण्याचा हिशेब मांडताना त्याचे येणे बुडवणेही बरोबर नाही.

आणखी एक यादी राहिली. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात सोडली आणि प्रत्येकात एक सोनेरी तबकडी ठेवली. पृथ्वीवरच्या संगीताचे सत्तावीस नमुने तीवर घ्यायचे होते. कार्ल सेगन यांच्या समितीत रॉकवरून वाद झालाच. लोकसंगीताचे जाणकार ॲलन लोमॅक्स म्हणाले, हे संगीत पोरवयाचे आहे. सेगन यांचे म्हणणे पडले, की पृथ्वीवर पोरेही पुष्कळ आहेत. शेवटी रॉक अँड रोलचे एकच गाणे घेतले गेले: चक बेरीचे १९५८ चे 'जॉनी बी. गुड'. भारताच्या वाट्याला आलेला नमुना म्हणजे गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी. दुसऱ्या क्रमांकाचे यान २० ऑगस्टला आधी सुटले, त्याच्या चार दिवस अगोदर एल्व्हिस वारला होता. पहिल्या क्रमांकाचे ५ सप्टेंबरला सुटले, आणि १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये पहिल्या यानाने आणि २०१८ मध्ये दुसऱ्याने सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली. दोन्ही तबकड्यांवर बाख आहे, बीथोव्हन आहे, केसरबाई आहेत, चक बेरी आहे. बीटल्स आणि एल्व्हिस नाहीत.